अभ्यासकेंद्राचा निरोप: ईमेलवर की व्हॉट्सअ‍ॅपवर?

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. मुख्यालय नाशिकला, पण विद्यार्थ्याला विद्यापीठ भेटतं ते जवळच्या कॉलेजातल्या अभ्यासकेंद्रात. तिथे नव्यानेच केंद्र संयोजक झाला असाल, तर समंत्रकांना, म्हणजे केंद्रावर शिकवायला येणाऱ्या शिक्षकांना, निरोप कसे द्यायचे हे आधी ठरवा.

पोहोचण्यात व्हॉट्सअ‍ॅप सरळ पुढे आहे. समंत्रक आठवडाभर आपापल्या नोकरीत असतो आणि केंद्रावर येतो तो संपर्कसत्रापुरता, म्हणजे समोरासमोरच्या तासांपुरता, बहुधा रविवारी. उद्याचं सत्र रद्द झालं हे त्याला मेलवर कळवलंत, तर तो कुलूप बघूनच परत जाईल. लोक याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या पत्त्यावर महिन्यातून दोनदा काही येतं, तो रोज उघडून कोण बघेल?

मेल न वापरण्यामागे आणखी एक कारण असतं, मालकीचं. मी पाहिलेल्या एका केंद्रात मेल आयडी एकच होता आणि त्याचा पासवर्ड एकट्या क्लार्कला ठाऊक. तो रजेवर गेला की केंद्राची टपाल बंद! प्राध्यापक मंडळींनी मग आपापलं जीमेल सुरू केलं, आणि बदल्या झाल्या तसा पत्रव्यवहारही त्यांच्याबरोबर गेला.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर जुनं काही सापडवायचं म्हणजे दिव्यच. स्वाध्यायाच्या गुणांची यादी दीड वर्षाने मागितली गेली, तर 'सुप्रभात'च्या फुलांखालून ती उपसून काढा. फाइल वेळेत उतरवून घेतली नसेल तर ती उघडतही नाही. पाठवलेला मेसेज सुमारे दोन दिवसांपर्यंत सगळ्यांच्या फोनमधून पुसता येतो, म्हणजे 'मी कळवलं होतं' हे सांगायला पुरावा उरेलच असं नाही. जीमेलवर मेल मागे घ्यायला फार तर ३० सेकंद मिळतात. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि हे अनेक शिक्षिकांना नको असतं. मेलमध्ये बीसीसीची सोय आहे, त्यात एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही.

मेलच्याही खोड्या आहेतच. जीमेलला जोडपत्राची मर्यादा २५ एमबी. फुकटची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंसह मिळून, ती भरली की नवे मेल येईनासे होतात. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं वर्ड पत्र फोनवर अगम्य दिसतं, पण ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तरी तसंच दिसणार. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा अक्षरांत टाइप करा, नाहीतर पीडीएफ पाठवा.

माझा कौल असा: गुण, मानधन, परीक्षा, तक्रार हे सगळं केंद्राच्या मेलवर, वेळ, खोली, रद्द झालेलं सत्र व्हॉट्सअ‍ॅपवर. मेल गेला की ग्रुपवर एक ओळ टाका, 'मानधनाचा मेल पाठवलाय, बघा'. मानधन म्हटलं की मेल उघडला जातोच. आणि पासवर्ड निदान दोघांकडे असू द्या.