"ओरिजिनल १८८५ चं आहे" म्हणाला आणि मी ३४० डॉलर मोजले

बायको डेंटिस्ट आहे, गेल्या वर्षी इकडे न्यू जर्सीत तिने स्वतःचं क्लिनिक टाकलं. वेटिंग रूमच्या भिंतीवर लावायला काहीतरी हटके हवं होतं आणि मला जुन्या पेटंट मेडिसिनच्या जाहिरातींचं आधीपासून वेड (म्हणजे तेव्हा दुकानात तयार मिळणारी औषधं; नावाला पेटंट, बहुतेकांचं पेटंट वगैरे काही नसायचंच). पेनसिल्व्हेनियातल्या एका अँटिक मॉलमध्ये नेमकी ती फेमस 'कोकेन टूथेक ड्रॉप्स'ची, म्हणजे दातदुखीवरच्या कोकेनच्या थेंबांची, जाहिरात दिसली. अल्बनीची लॉइड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, किंमत १५ सेंट, दोन लहान पोरं काटक्यांचं घर बांधत खेळतायत. कोकेन तेव्हा औषधांच्या दुकानात सर्रास मिळायचं, औषधात ते आहे हे लेबलवर छापायची सक्ती १९०६ च्या कायद्याने आली. दातांच्या दवाखान्यात याहून भारी काय लावणार!

चांगली दीड फूट उंच, जुनी ओकची फ्रेम, मागे पिवळा पडलेला कागद, गंजलेले खिळे. विकणाऱ्याला म्हटलं जरा उघडून दाखवा, तर म्हणे कागद फार नाजूक आहे, हात लावला की तुकडे पडतील. मला ते पटलं, वर आपण किती जपून वागतोय असंही वाटलं, काय सांगू.

महिन्याभरात एक पेशंट आले, म्हातारे गृहस्थ, जन्मभर छापखान्यात काम केलेले. भिंतीजवळ गेले आणि हसायलाच लागले. म्हणाले ही मूळची ट्रेड कार्डं, म्हणजे जाहिरातीची कार्डं, पोस्टकार्डाएवढी, दुकानदार फुकट वाटायचे आणि लोक ती वहीत चिकटवून ठेवायचे, एवढी मोठी आली कुठून? पुढच्या वेळी भिंग घेऊन आले. जुन्या क्रोमोलिथोग्राफीत, म्हणजे दगडावरून केलेल्या रंगीत छपाईत, प्रत्येक रंगाचा वेगळा दगड असायचा, छटांचे ठिपके हाताने काढलेले, म्हणून वेडेवाकडे. माझ्या चित्रात निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके एकदम शिस्तीत, आत्ताच्या ऑफसेट छपाईचे. मग फ्रेम उघडली, यूव्ही टॉर्च मारला तर चित्राच्या कागदाची मागची बाजू निळसर पांढरी चमकली, म्हणजे आत्ताचा, जास्त पांढरा दिसायला ब्रायटनर घातलेला कागद. पुढून मात्र तपकिरी, सगळीकडे सारखाच, बहुतेक चहात बुडवलेला. खरं कार्ड असतं तर मागे कदाचित वहीच्या डिंकाचे डाग तरी सापडले असते. हे चित्र नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या संग्रहात आहे, कोणीही डाउनलोड करून छापू शकतं, त्यात बेकायदा काही नाही, पण मग रिप्रिंट म्हणून पंधरा-वीस डॉलरला विका ना.

परत गेलो तर त्या विकणाऱ्याने शांतपणे पावती दाखवायला सांगितली. त्यावर लिहिलेलं, 'फ्रेम्ड प्रिंट, व्हिंटेज स्टाइल, सेल फायनल'. 'ओरिजिनल' हा शब्द त्याच्या तोंडात होता, कागदावर कुठेच नाही! क्रेडिट कार्डवाल्यांकडे तक्रार केली, त्यांनीही तीच पावती पाहून माझी केस बंद केली. तेव्हा कोणी घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी पावतीवर 'ओरिजिनल' आणि साल लिहून घ्या, आणि फ्रेम उघडायला नाही म्हणाला तर सरळ निघा.

बायको म्हणते त्या ड्रॉप्सनी निदान दात तरी बधिर व्हायचा, तुझ्या ३४० डॉलरने तेवढंही झालं नाही. फ्रेम मात्र खरोखरच जुनी निघाली, सध्या तिचं लायसन्स त्यात लावलंय.