खिडकीच्या एसीची निगा: आपण स्वतः, बोलावलेला मेकॅनिक की वार्षिक करार?

गोव्यातील घरात खिडकीचा एसी असला की त्याच्या देखभालीचे तीन मार्ग समोर येतात: जमेल तेवढे स्वतः करणे, गरज पडेल तेव्हा मेकॅनिक बोलावणे, किंवा वर्षाचे पैसे एकदम भरून एखाद्या सेवा केंद्राशी करार करणे. यांपैकी स्वस्त कोणता, हा प्रश्न बहुतेक लोक आधी विचारतात. माझ्या मते घर समुद्रापासून किती अंतरावर आहे आणि एसीचा मागचा भाग कोणत्या वाऱ्याला तोंड देतो, हे आधी पाहावे. मिरामार, कळंगुट किंवा कोलवा येथे जी देखभाल अपुरी पडते, तीच फोंडा किंवा केपे येथे पुरेशी ठरू शकते.

खिडकीच्या एसीचे दोन्ही अर्धे एकाच सांगाड्यावर बसवलेले असतात. खोलीकडच्या बाजूला फिल्टर, कूलिंग कॉइल आणि हवा फेकणारे ब्लोअरचे चाक असते. बाहेरच्या बाजूला कंडेन्सर, म्हणजे खोलीतली उष्णता बाहेर टाकणारी कॉइल, त्याचा पंखा आणि खालचा ट्रे असतो. आतल्या बाजूला घरातली धूळ आणि बुरशी बसते. बाहेरच्या बाजूला मात्र गावागणिक वेगळे काही बसते: किनाऱ्यावर मीठ, डिचोली-सांखळीकडे लाल माती, तर वास्कोत मुरगाव बंदरावरील कोळशाची धूळ. यांत सर्वांत घातक मीठ. माती पाण्याने निघून जाते. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, आणि तांब्याच्या नळ्यांवर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या दोन धातूंच्या त्या ओल्या सांध्यापाशी झिजू लागतात. छज्जाखाली बसवलेला एसी सुरक्षित आहे असे अनेकांना वाटते, परंतु त्याच्यावर पाऊस पडत नसल्यामुळे मीठ धुऊनही जात नाही, आणि खारा दमट वारा तर त्याला लागतोच.

आता पहिला मार्ग. फिल्टर धुण्यासाठी कोणालाही पैसे देण्याची आवश्यकता नाही. स्विच बंद करून प्लग काढावा, पुढची जाळी उघडून फिल्टर सरकवून बाहेर घ्यावा आणि नळाखाली उलट्या बाजूने धरावा, म्हणजे धूळ जाळीत आणखी रुतण्याऐवजी आली त्या वाटेने बाहेर पडते. तेलकट थर असल्यास कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण पुरतो. गरम पाण्याने प्लास्टिकची चौकट वाकते. फिल्टर सावलीत पूर्ण वाळवूनच परत बसवावा. जूनमध्ये तो लवकर वाळत नाही म्हणून ओलाच सरकवून दिला, तर आंबूस वास येणारच. एसी रोज चालत असेल तर हे काम दर दोन आठवड्यांनी करावे. फिल्टर काढल्यावर दिसणाऱ्या कूलिंग कॉइलवर मऊ ब्रश पट्ट्यांच्या दिशेने, म्हणजे उभा फिरवावा. आडवा फिरवल्यास पट्ट्या दुमडतात आणि तेवढ्या जागेतून हवा जाणे थांबते.

या साध्या कामाचा परिणाम बिलावरही दिसतो. फिल्टर तुंबला की हवा कमी येते, मग घरातले कोणीतरी रिमोटवर १८ अंश लावते. तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. म्हणजे मळलेल्या जाळीपायी आपण नेमके उलट्या दिशेने जातो.

तथापि, घरच्या साफसफाईची मर्यादा स्पष्ट आहे. ब्लोअरच्या चाकाच्या पात्यांत साचलेली काळी बुरशी आणि कंडेन्सरच्या आतल्या बाजूचा थर हे दोन्ही सांगाडा बाहेर ओढल्याशिवाय हाती लागत नाहीत. दीड टनाचा एसी एकट्याने उचलण्याजोगा नसतो, आणि चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत तो धाडसाचा विषय होऊ नये. शिवाय आतला कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही काही काळ विजेचा भार धरून ठेवतो. त्यामुळे पुढची जाळी उघडून हाती लागते तेवढीच घरच्या कामाची सीमा मानावी.

त्यापलीकडे मेकॅनिक लागतो, पण ‘सर्व्हिसिंग’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळी कामे विकली जातात. एकात एसी खिडकीतच ठेवून समोरून फवारा मारला जातो. दुसऱ्यात सांगाडा ओढून, मोटर आणि विजेचे भाग प्लास्टिकने झाकून, कंडेन्सर आतून बाहेरच्या दिशेने धुतला जातो. फोनवरच विचारावे, की एसी खाली उतरवणार का. उतरवणार नसेल तर किनाऱ्यावरच्या माणसाने ते पैसे वाचवलेले बरे. धुताना स्वतः जवळ उभे राहावे. पंपाचा झोत तिरका लागला तर पट्ट्या लव्हाळ्यासारख्या आडव्या होतात, आणि आम्लयुक्त द्रवाने कॉइल क्षणात चमकत असली तरी ती चमक ॲल्युमिनियम खाऊन आलेली असते. ट्रेमधून निघणारे पाणी आधी गढूळ, मग करडे आणि शेवटी स्वच्छ येते. ते स्वच्छ येईपर्यंत काम संपलेले नसते.

याच वेळी ‘गॅस कमी आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येते. एसीतला गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. त्यातही कॉइलवर बर्फ धरणे हे गॅस कमी असल्याचे जसे लक्षण आहे, तसेच ते तुंबलेल्या फिल्टरचेही आहे. म्हणून आधी धुणे, मग मोजणे, आणि गळतीची जागा दाखवल्यावरच भरणे, हा क्रम सोडू नये. मागून पाण्याचा चुळचुळ आवाज येत असेल, तर तो मात्र बहुधा दोष नसतो: अनेक मॉडेलांत मागचा पंखा ट्रेमधले पाणी उचलून कंडेन्सरवर उडवतो, जेणेकरून तो थंड राहावा. पाणी खोलीत गळत असेल तर एसीचा मागे असायला हवा असलेला किंचित उतार बिघडला आहे का, ते पाहावे.

वर्षातून एकच मोठी सर्व्हिसिंग परवडत असेल, तर किनाऱ्यावर ती ऑक्टोबरमध्ये करावी, कारण पावसाळ्याचे चार महिने मीठ आणि ओल एकत्र मुरलेली असते. आतल्या तालुक्यांत फेब्रुवारी-मार्च अधिक सोयीचा, उन्हाळ्याच्या तोंडावर.

वार्षिक कराराबद्दल मी फारसा उत्साही नाही. एक-दोन एसी असलेल्या, कायम राहत्या घराला तो क्वचितच फायद्याचा ठरतो. पाहुण्यांना खोल्या देणारे, किंवा मालक मुंबई-पुण्यात आणि फ्लॅट इथे बंद असे ज्यांचे आहे, त्यांच्यासाठी मात्र ठरलेल्या तारखेला येणारा माणूस मोलाचा आहे, कारण तिथे फिल्टर पाहणारेच कोणी नसते. सही करण्यापूर्वी दोन गोष्टी वाचाव्यात. करारात सुटे भाग धरले आहेत की केवळ मजुरी, ही पहिली. सुटे भाग धरले असतील, तर कॉइल आणि गॅस त्यातून वगळले आहेत का, ही दुसरी. समुद्राकाठी आधी जाते ती कॉइलच, आणि तीच वगळलेली असेल तर उरलेला करार मिरवण्यापुरता राहतो.

एक कसोटी कोणताही मार्ग निवडण्याआधी करून पाहावी. एसी बाहेर काढला असताना कंडेन्सरच्या कडेच्या पट्टीला बोटाने हलकेच स्पर्श करावा. बोटाला नुसती धूळ लागली तर धुऊन उपयोग आहे. पण पांढरी पूड लागून पट्टी चुरगळून खाली पडली, तर धातूच संपलेला असतो. अशा एसीवर सर्व्हिसिंग, गॅस किंवा करार यांपैकी कशावरही खर्च करू नये, आणि नवीन घेताना संरक्षक लेप दिलेली कॉइल आहे का, हे दुकानातच विचारून घ्यावे.