अंटार्क्टिकाच्या नावावर ३१ लाख ४७ हजार ३०० रुपये: ‘ऑप्शन’चा कागद म्हणजे बुकिंग नव्हे

आकडा आधीच सांगतो, म्हणजे ‘गेले असतील थोडेफार’ असं कुणाला वाटायला नको. अंटार्क्टिकाच्या सफरीसाठी आम्ही चौघांनी मिळून भरलेले ३१,४७,३०० रुपये. परत मिळाले ६०,०००. बाकीचे ३०,८७,३०० नागपुरातल्याच एका ट्रॅव्हल एजंटकडे अडकलेत. जहाज ६ फेब्रुवारी २०२६ ला अर्जेंटिनातल्या उशुआया बंदरातून ठरल्या दिवशी सुटलं. आमच्या म्हणून दाखवलेल्या दोन केबिनमध्ये दुसरेच लोक होते. एजंटचं नाव इथे लिहू नका असं वकिलांनी बजावलंय. जहाज कंपनीचं नाव आम्हीच देत नाही, कारण तिचा यात काडीचाही दोष नाही.

‘स्वस्ताच्या मोहात पडले असतील’ हे वाक्य गेल्या काही महिन्यांत इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याचं उत्तर आधी देतो. भाव स्वस्त नव्हता. माणशी ८,९०,०००, त्यात जहाज, विमान आणि उशुआयात एक रात्र. दोघांच्या केबिनमध्ये दहा-अकरा दिवसांच्या सफरीचे जहाजाचेच माणशी सहा-सात हजार डॉलर होतात, त्यावर विमान. म्हणजे हिशोब बसत होता. चार लाखांत अंटार्क्टिका म्हणाला असता तर आम्ही तिथूनच उठलो असतो.

आणि माहिती नव्हती असंही नाही. मे २०२५ मध्ये, पारा पंचेचाळीसवर असताना, वर्धा रोडवरच्या एका हॉलमध्ये एजंटने स्लाइड दाखवल्या, तेव्हा आम्ही यादी करून प्रश्न विचारले. जहाजात प्रवासी किती? दोनशेच्या आत. हा प्रश्न महत्त्वाचा, कारण पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज अंटार्क्टिकात कुणालाही किनाऱ्यावर उतरवत नाही. मोठी क्रूझ जहाजं नुसती हिमनगांमधून फिरवून आणतात. डेकवरून पाहायचं, फोटो काढायचे आणि परत. ती सफर वाईट नाही, पण ती ‘लँडिंग’ म्हणून विकणं ही वेगळी फसवणूक आहे आणि तीही चालते. एका ठिकाणी एका वेळी किनाऱ्यावर जास्तीत जास्त किती? शंभर. म्हणून दोनशेच्या जहाजातही दोन पाळ्या होतात, एक गट रबरी बोटीतून फिरतो तोवर दुसरा किनाऱ्यावर असतो. वीस माणसांमागे एक गाइड, पेंग्विनपासून किमान पाच मीटर अंतर, प्रत्येक वेळी उतरताना आणि परतल्यावर बूट जंतुनाशकात धुणं, ड्रेक पॅसेज (दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधला समुद्र) ओलांडायला जाताना साधारण दोन दिवस आणि येताना दोन. सगळी उत्तरं बरोबर होती. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयाटो’ या अंटार्क्टिका टूर ऑपरेटरांच्या संघटनेच्या यादीत ती कंपनी आणि ते जहाज दोन्ही सापडले. सफर खरी, तारीख खरी, केबिन नंबरसुद्धा खरे. खोटं काय होतं, तर त्या केबिनवर आमची नावं. आम्ही समुद्र तपासला, जहाज तपासलं. विकणारा माणूस आणि त्याने दिलेला कागद तपासायचा राहिला.

एक खूण त्याच दिवशी मिळाली होती. त्याच्या माहितीपत्रकात ‘भारताचा मैत्री तळ (शक्य झाल्यास)’ असं छापलं होतं. उशुआयाहून निघणारं जहाज अंटार्क्टिक द्वीपकल्पाला जातं, पश्चिम रेखांशावर. मैत्री आहे पूर्व रेखांशावर, शिरमाकर ओअॅसिसमध्ये, समुद्रापासून आत. तिकडे केपटाऊनमार्गे जातात. दहा दिवसांच्या या सफरीत मैत्री दिसणं शक्यच नाही. आम्ही हे बोलून दाखवलं. तो लगेच म्हणाला, “बरोबर आहे काका, डिझायनरची चूक झाली, काढून टाकतो.” चूक मान्य करणारा माणूस म्हणून आमचा विश्वास उलट वाढला. तुम्हाला माहितीपत्रकात असं काही दिसलं तर दुरुस्त करायला बसू नका, तिथूनच निघा. पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच पानावर असेल तरी निघा. अस्वल उत्तरेत, पेंग्विन दक्षिणेत. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या जुलैमधल्या सफरीच्या जाहिरातीत नॉर्दर्न लाइट्स असतील तरी निघा, तिकडे तेव्हा सूर्य मावळतच नाही. आणि ‘सहा लँडिंगची लेखी गॅरंटी’ मिळत असेल तर नक्की निघा. कुठे उतरायचं ते त्या दिवशीचा वारा आणि बर्फ पाहून कॅप्टन आणि मोहीमप्रमुख ठरवतात. कुठलीही खरी कंपनी तसं लिहून देत नाही.

आता त्या कागदाबद्दल. २२ मे ची तारीख, वर जहाज कंपनीचं चिन्ह, खाली आमची चौघांची नावं पासपोर्टवर आहेत तशी, बुकिंग नंबर, केबिन ४१२ आणि ४१४. केबिनच्या खालच्या ओळीत बारीक अक्षरांत स्टेटस: ऑप्शन. त्याखाली ऑप्शन संपण्याची तारीख: २९ मे. उजव्या कोपऱ्यात डिपॉझिट रिसीव्ह्ड: ०.००.

ऑप्शन म्हणजे काय हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. एजंटने सांगितलं की कंपनी काही दिवस केबिन पैसे न घेता धरून ठेवते. मुदतीत डिपॉझिट गेलं तर बुकिंग पक्कं, नाहीतर केबिन आपोआप सुटते. आम्ही २४ मे ला पैसे भरत होतो, तेव्हा त्या दिवशी कागदावर ‘ऑप्शन’ आणि शून्य असणं अगदी बरोबरच होतं! हे आम्ही पोलिसांना सांगितलं, घरच्यांना सांगितलं, आता तुम्हालाही सांगतोय. त्या दिवशी तो कागद खोटा नव्हता.

चूक झाली ती ३ जूनला. त्या दिवशी त्याने ‘कन्फर्मेशन’ पाठवलं. तोच बुकिंग नंबर, त्याच केबिन. पण लेटरहेड त्याचं स्वतःचं आणि रक्कम रुपयांत. जहाज कंपनीचं बिल डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये येतं, त्यावर किती भरले, किती बाकी आणि बाकी कोणत्या तारखेपर्यंत हे तीन आकडे असतात. आमच्या कागदावर एकही नव्हता. जुना कागद फाइलमध्ये वरच होता. दोन्ही शेजारी ठेवले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं. तेव्हा चौघांचा मिळून फक्त पहिला हप्ता, ८,९०,०००, गेला होता. तिथे थांबलो असतो तर २२,५७,३०० रुपये वाचले असते. ही वजाबाकी रोज डोक्यात चालते.

पुढचे पैसे असे गेले. ११ ऑगस्टला १७,८०,०००. त्यातले १३,००,००० फर्मच्या करंट खात्यात आणि ४,८०,००० त्याच्या नातेवाइकाच्या बचत खात्यात, कारण ‘फर्मच्या खात्याची लिमिट झाली’. करंट खात्यात पैसे यायला अशी लिमिट नसते. फर्मचं बिल आणि खासगी खातं असा प्रकार दिसला की व्यवहार तिथेच तोडा. २८ ऑगस्टला जीएसटी ५ टक्के १,७८,००० आणि टीसीएस (परदेशी सहल विकणारा ग्राहकाकडून घेऊन आयकर खात्यात भरतो तो कर) ५ टक्के १,८६,९००. माणशी रक्कम दहा लाखांच्या आत बसवली होती, कारण तेव्हा दहा लाखांच्या वर टीसीएस २० टक्के होता. इतकं कायदेशीर बोलणारा माणूस चोर असेल असं कसं वाटावं? विम्याचे ९,६०० प्रमाणे ३८,४००. आणि सप्टेंबरमध्ये ‘अंटार्क्टिक परवाना शुल्क’ म्हणून माणशी १८,५००, एकूण ७४,०००. असं शुल्क नसतंच. परवाना सफर नेणारी कंपनी आपल्या देशाच्या यंत्रणेकडून घेते, प्रवाशाला वेगळा काढावा लागत नाही.

टीसीएसनेच शेवटी त्याला उघडं पाडलं. टूर विकणाऱ्याने कापलेला टीसीएस तुमच्या पॅनवर जमा होतो आणि तेव्हा तो आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसायचा. जुलै ते सप्टेंबर तिमाहीचं विवरण त्याला १५ ऑक्टोबरपर्यंत भरावं लागत होतं. ऑक्टोबरअखेर चौघांचेही २६एएस काढले, चारही कोरे. विचारलं तर, “काका, टेन्शन कायले घेता? सीए रिटर्न भरून राहिला, आठ दिवसांत दिसते.” त्याच संध्याकाळी विमानाचा पीएनआर टाकून पाहिला, सापडेना. पीएनआर सहा अक्षरांचा असतो आणि पैसे न भरताही तयार करता येतो. तिकीट झालं याचा पुरावा म्हणजे तेरा आकडी तिकीट नंबर. आमच्या कागदावर तो कधीच नव्हता. मग जहाज कंपनीला थेट मेल केला, जो मे महिन्यातच करायला हवा होता. ३ नोव्हेंबरला उत्तर आलं: ऑप्शन २९ मे ला रद्द, डिपॉझिट आलेलं नाही, केबिन जूनमध्ये विकल्या गेल्या. डॉक्टरांची सही घेऊन भरलेले चार वैद्यकीय फॉर्म त्यांच्याकडे पोहोचलेच नव्हते. शेवटच्या हप्त्याचे ८,९०,००० त्या उत्तरामुळे वाचले.

यानंतर जे झालं त्याचा राग फसवणुकीपेक्षा जास्त आहे. पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न, “तुम्ही स्वतःच्या हातानं आरटीजीएस केलं ना? मग फसवणूक कुठून आली?” दुसऱ्या दिवशी ‘हा दिवाणी मामला आहे’. तिसऱ्या खेपेला एजंटचं ऑफिस दुसऱ्या हद्दीत आहे म्हणून तिकडे पाठवलं, तिकडच्यांनी आमचं बँक खातं ज्या हद्दीत आहे तिकडे परत पाठवलं. एका अधिकाऱ्याने तर जहाज अर्जेंटिनाहून सुटणार होतं म्हणून गुन्हा तिकडचा म्हटलं. पैसे नागपुरात घेतले, आश्वासन नागपुरात दिलं, बनावट कन्फर्मेशन नागपुरातून पाठवलं, आणि गुन्हा उशुआयात? अकरा खेपा झाल्या. दर वेळी सगळ्या कागदांच्या झेरॉक्सचा नवा संच मागितला गेला, आधीचे संच कुठे गेले ते कुणी सांगत नाही. बँकेने ‘व्यवहार तुम्हीच अधिकृत केला’ एवढ्या एका ओळीत हात वर केले. आमच्या नावाने कापलेला कर सरकारजमा झालाच नाही, म्हणजे यात सरकारचेही पैसे बुडाले. ती तक्रार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली आणि ‘निकाली’ असा शेरा पडून बंद झाली. काय निकाली काढलं, ते लिहिलेलं नाही.

तोंडी सांगत बसू नका, हे आम्ही उशिरा शिकलो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) फसवणुकीचं आहे आणि ३१६ विश्वासघाताचं, दोन्ही अर्जात लिहा. ‘हद्द नाही’ म्हणाले तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न पाहता माहिती नोंदवून घेणं बंधनकारक आहे, हे लेखी मांडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तरीही नोंद झाली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने वरिष्ठांना, आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. आमची नोंद वरिष्ठांना पोस्टाने अर्ज गेल्यावरच झाली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा तर पैसे गेल्यावर काही तासांत, तेव्हाच ते खात्यात गोठवता येतात. आमचे पैसे जाऊन महिने झाले होते.

डिसेंबरमध्ये त्याने ६०,००० दिले आणि ५,००,००० चा चेक. चेक परत आला, खात्यात शिल्लक नाही. अशा वेळी त्याचं ‘पुन्हा टाका, पुढच्या आठवड्यात होते’ ऐकू नका. बँकेचा परतीचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे, त्याला पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. आमची नोटीस सव्विसाव्या दिवशी गेली, कारण तीन आठवडे आम्ही त्याच्या शब्दावर थांबलो होतो. त्याच्यावर विश्वास ठेवून आम्ही केलेली ही शेवटची गोष्ट.

ग्राहक आयोगातही तक्रार टाकली आहे. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो. २० ते ५० लाखांसाठी फी १,००० रुपये, मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही. प्रत्येकाने वेगळी तक्रार करू नका. पैसे एकत्र भरले असतील तर एकत्रच करा, म्हणजे कागदांचा एकच संच आयोगापुढे राहतो.

पैसे भरायचेच असतील तर डिपॉझिट जहाज कंपनीला थेट भरता येतं का ते आधी विचारा. अनेक कंपन्या एजंटमार्फत आलेल्या प्रवाशाकडूनही कार्डने किंवा बँकेतून थेट घेतात, एजंटला कमिशन नंतर देतात. एजंट याला कडाडून विरोध करत असेल तर कारण विचारत बसायची गरज नाही. विम्याची पॉलिसी विमा कंपनीच्या वेबसाइटवर नंबर टाकून उघडा. त्यात अंटार्क्टिकाचा उल्लेख आहे का आणि तिथून आजारी माणसाला हलवण्याचा खर्च किती धरलाय ते वाचा. आमच्या पॉलिसीचा नंबर कुठेच उघडला नाही.

आणि तुमच्या हातात असा एखादा कागद असेल तर आज रात्रीच जहाज कंपनीला मेल करा. पत्ता कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या, एजंटने दिलेला नको. तीनच गोष्टी विचारा: या बुकिंग नंबरवर आमची नावं आहेत का, स्टेटस ऑप्शन आहे की कन्फर्म्ड, आणि आजपर्यंत किती डॉलर जमा झालेत. आम्हाला उत्तर यायला दोन दिवस लागले.