हरकत नोंदवायची खिडकी: मदत उत्तम, नोटीस मात्र कोपऱ्यात

शेजारच्या मोकळ्या जागेवर उंच इमारत येतेय, म्हणून नगररचना कार्यालयात नकाशा बघायला गेले. खिडकीवरच्या बाईंनी स्वतः उठून त्यावर मोजपट्टी टेकवली. प्रमाण १:५००, म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ५ मीटर. आमची भिंत आणि नवी इमारत यांत जेमतेम ६ मिलिमीटर. तीन मीटर! पोटात गोळाच आला.

"नुसतं 'ऊन अडेल' लिहू नका, सामासिक अंतराचा (म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेचा), उंचीचा कुठला नियम मोडतोय ते लिहा," असं त्यांनी शांतपणे समजावलं. अर्जाची पोच शिक्क्यासह लगेच मिळाली.

राग आला तो नोटिशीचा. जिन्याखालच्या फलकावर, इतर कागदांखाली दबलेली. मी पोचले तेव्हा हरकतींच्या मुदतीचे दोनच दिवस उरले होते, आणि तळमजल्यावरच्या आजींना अजून काहीच माहीत नव्हतं.