सोलो लेव्हलिंग: हिरो अजिंक्य झाल्यावर गोष्टीत उरतं काय?

कोरियन ॲक्शन फँटसी कॉमिक्स कुठून सुरू करू असं विचारलं की बहुतेक जण सोलो लेव्हलिंगचंच नाव घेतात, आणि सुरुवात म्हणून ते एकदम बरोबर आहे. शेवटापर्यंत ती तेवढीच भारी राहते का, तर नाही, आणि ते का नाही हेच मला सांगायचंय. शेवटाचे स्पॉयलर आहेत, वाचली नसेल तर आधी वाचून या.

गोष्ट थोडक्यात अशी की जगभर गेट उघडतात, आत डंजन, म्हणजे राक्षसांनी भरलेली भुयारं, काही माणसांना पॉवर मिळते त्यांना हंटर म्हणतात, आणि त्यांच्या रँक सगळ्यात खालच्या ई पासून सगळ्यात वरच्या एस पर्यंत. सुंग जिनवू ई रँकचा, त्यातही सगळ्यात कच्चा. आई न उठणाऱ्या झोपेच्या आजाराने हॉस्पिटलात, बहीण शाळेत, म्हणून हा दर वेळी मार खाऊन येतो आणि पुन्हा जातो.

डबल डंजनचा, म्हणजे डंजनच्या आत सापडलेल्या दुसऱ्या डंजनचा भाग मी कितीही वेळा वाचू शकते. मोठं देऊळ, भिंतीपाशी शस्त्रं घेतलेले दगडी पुतळे, मधे सिंहासनावर एक महाकाय मूर्ती, दार बंद. जिनवूपेक्षा वरच्या रँकचे लोक घाबरून पळतात आणि कापले जातात, आणि नियम कळतो तो या सगळ्यात कमजोर पोराला, की मूर्तीपुढे वाकायचंय. मूर्तीचा चेहरा बघा इथे. वेबटून, म्हणजे असं ऑनलाइन कॉमिक, फोनवर वरून खाली सरकवत वाचायचं असतं, त्यामुळे ते हसणं पान उलटल्यावर एकदम समोर येत नाही, आपणच आपल्या बोटाने ते हळूहळू वर ओढून आणतो आणि माहीत असूनही थांबता येत नाही. शेवटी पाय तुटलेला जिनवू मागे राहतो म्हणून बाकीचे वाचतात, आणि तिथे त्याला सिस्टिम मिळते, म्हणजे गेमसारख्या लेव्हल आणि क्वेस्ट, ज्या फक्त त्यालाच दिसतात.

चित्रांचं श्रेय जांग सुंग-राक यांचं, दुबू या नावाने काढायचे, रेडआइस स्टुडिओ. मूळ कादंबरी चुगोंग यांची, २०१६ पासून काकाओपेज या कोरियन ऑनलाइन वाचन-ॲपवर येत होती, कॉमिक मार्च २०१८ मध्ये सुरू झालं आणि मुख्य गोष्ट डिसेंबर २०२१ मध्ये १७९ व्या भागात संपली. जांग सुंग-राक जुलै २०२२ मध्ये गेले, फक्त ३७ वर्षांचे होते. निळ्या-जांभळ्या सावल्यांचा तो लुक नंतर किती कॉमिक्सनी उचलला हे या प्रकारातलं काहीही उघडलं की दिसतंच.

आता हिरोच्या ताकदीबद्दल. लोक म्हणतात ओव्हरपॉवर्ड हिरो म्हणजे बोअर, मला हे अजिबात पटत नाही. सुरुवातीला जिनवूला रोज १०० पुशअप, १०० सिटअप, १०० स्क्वॉट आणि १० किलोमीटर पळणं कंपल्सरी, नाही केलं तर सिस्टिम सरळ उचलून वाळवंटात टाकते आणि मागे राक्षसी गोमा लागतात. म्हणजे ताकदीची किंमत आहे, ती रोज चुकवावी लागते, आणि ती आपल्याला दिसते. इग्रिस या लाल चिलखतवाल्या योद्ध्याशी लढतानाही तो अक्षरशः तुडवला जातो, म्हणून नंतर तोच इग्रिस त्याच्या सावली-सैन्यात (मेलेल्यांना सावली बनवून उठवायची ताकद जिनवूला मिळते) उभा राहतो तेव्हा अंगावर काटा येतो.

आणि हे हिरो जास्त वेळ हरत का नाहीत यामागे धंद्याचंही कारण आहे. काकाओपेजवर थांबलात तर पुढचा भाग फुकट, घाई असेल तर पैसे भरा अशी पद्धत आहे, मग ज्या गोष्टीत हिरो वीस भाग नुसता मारच खातोय तिच्यासाठी वाचक पैसे कशाला भरेल, प्रत्येक भागात काहीतरी मिळाल्यासारखं वाटलंच पाहिजे. त्यामुळे जिंकण्याबद्दल माझी तक्रार नाहीच.

जेजू बेटाचा भाग बघा ना, जिथे राक्षसी मुंग्यांना संपवायला एस रँक हंटरांची टीम जाते. तोपर्यंत जिनवू इतका तगडा झालाय की तो टीममध्ये असता तर प्रश्नच नव्हता, पण तो टीममध्ये नसतोच. मुंग्यांचा राजा एकेकाला फाडत सुटतो, हीलर मिन ब्योंग-ग्यू मरतो, तलवारबाज हंटर चा हे-इन मरणाच्या दारात, आणि आपण प्रत्येक पॅनेलला हा कधी येणार, हा कधी येणार करत खाली सरकवतोय. तो येतो, राजाला लोळवतो, सगळं मनासारखं होतं, पण मिन गेलाय तो गेलाच. चा हे-इनला वाचवायला जिनवू त्याच मिनची सावली उठवतो, तिच्याकडून उपचार करून घेतो, आणि मग त्या सावलीला आपल्या सैन्यात न ठेवता सोडून देतो. एवढ्या ताकदवान माणसालाही काय जमत नाही आणि काय करायचं नाही हे त्या दोन-तीन पॅनेलमध्ये कळतं. या प्रकारातलं यापेक्षा चांगलं लिखाण मी तरी वाचलेलं नाही.

आणि मग हेच पुढे निसटतं. मॉनार्क आणि रूलर या एकमेकांशी लढणाऱ्या दोन महाशक्तींचा इतिहास ढीगभर संवादांतून अंगावर येतो, बाकीचे एस रँक हंटर तोंडाचा आ करून बघायला उरतात, आणि चा हे-इन, जिची तलवार बघायला मी खास थांबायचे, तिच्या वाट्याला जवळपास फक्त प्रेमकथा येते. थॉमस आंद्रे या बलाढ्य अमेरिकन हंटरशी झालेली मारामारी मस्त आहे, कारण तिथे मित्रासाठीचा राग आहे, पण असे प्रसंग विरळ होत जातात.

सगळ्यात जास्त मला लागलं ते शेवटचं. जिनवू काळ मागे नेतो आणि सगळ्यांना वाचवण्यासाठी दुसऱ्या मितीत जाऊन २७ वर्षं युद्ध करतो, सोबत फक्त सावल्या, एकही जिवंत माणूस नाही. २७ वर्षं! आणि कॉमिक ते झरझर उरकून त्याला परत आणतं. ज्या गोष्टीने रोजच्या पुशअप आपल्याला मोजून दाखवल्या तिने एवढी मोठी किंमत अशी पळवत दाखवावी? या काळावर निदान दहा भाग हवे होते, लढाया नाही दाखवल्या तरी चालल्या असत्या, नुसता तो एकटा काय करतो, काय आठवतो, एवढं जरी दाखवलं असतं तरी शेवट वेगळ्याच उंचीवर गेला असता.

तरी पाचपैकी चार देईन, त्यातला एक अख्खा स्टार चित्रांचा. जेजूपर्यंत बिनधास्त वाचा, पुढचं चित्रांसाठी वाचा, आणि नंतर आलेल्या साइड स्टोरीज जिनवू फारच आवडला असेल तरच. ॲनिमे बघून झालं असलं तरी डबल डंजन फोनवर वाचाच, आणि अंगठ्याची घाई करू नका.