कॉलेजचं ई-वेस्ट उचलणारी सर्व्हिस: भाव कमी, पण कागद पक्का

आमचं कॉलेज धुळे जिल्ह्यातलं, विद्यापीठाला संलग्न. लॅबच्या मागच्या खोलीत डब्बा मॉनिटर, सीपीयू, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, फुगलेल्या यूपीएस बॅटऱ्या, सगळं एकावर एक रचलेलं, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद म्हणून फेकता येईना अन् निर्लेखनाची, म्हणजे ती नोंद काढून टाकायची फाईल काही हलेना. शेवटी सही झाली आणि नाशिकहून पिकअप करणारी एक एजन्सी बोलावली. नाव टाकत नाही, लोकं लगेच जाहिरात म्हणतात.

भावाचं आधी सांगतो. गावातला भंगारवाला जास्त देत होता, तेही नगद. आमचे शिपाई मामा म्हणे, "सर, घरबसल्या पैसे येता, कशाला नाशिकवाल्याच्या नादी लागता?" पण भंगारात गेलेल्या वायरी जाळून तांबं काढतात, बोर्ड ॲसिडात धुतात, जुन्या मॉनिटरच्या काचेत तर शिसं असतं, ते कुठल्या नाल्यात जाईल काय भरवसा. शिवाय 1 एप्रिल 2023 पासूनच्या ई-कचरा नियमांत वर्षात किमान हजार इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक नग वापरणारी संस्था बल्क कन्झ्युमर, म्हणजे मोठा ग्राहक धरतात, मोठं कॅम्पस त्यात सहज बसतं, आणि मग माल नोंदणीवाल्याकडेच द्यावा लागतो.

हार्डडिस्कचं काम मात्र झकास! पोरांचे मार्क, परीक्षेचा डेटा त्यातच होता ना. एजन्सीचं पोरगं ड्रिल मशीन घेऊन बसलं, आमच्यासमोर एकेका डिस्कला आरपार भोक पाडलं, आधी सीरियल नंबर लिहून घेतला, मग फोटो.

आता रडगाणं. सकाळी येतो म्हणाले आणि उगवले भर दुपारी, मे महिन्यात, धुळ्याच्या उन्हात. वजन स्वतःच्या लटकत्या काट्यावर करू लागले, आम्ही गाडी सरळ कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली, फरक निघालाच, थोडाच होता पण निघाला. ते मुकाट्याने मान्य केलं, हे बरं. सगळ्यात डोकं फिरलं ते बॅटऱ्यांवरून, दारात आल्यावर सांगतात की बॅटऱ्यांचे नियम वेगळे, आमच्याकडे परवाना नाही. अरे मग फोनवर यादी वाचून दाखवली तेव्हा काय झोपले होते का?

रिसायकलिंगचं सर्टिफिकेटही फोन करकरून मिळालं. बोलवायचं असेल तर रजिस्ट्रेशन नंबर आधी मागा, केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या पोर्टलवर स्वतः तपासा, आणि काय काय नेणार ते मेलवर लिहून घ्या.

पाचपैकी साडेतीन. बॅटऱ्या खोलीतच पडल्यात अजून, धुळे-जळगावकडे परवानावाला कोणी घेणारा असेल तर सांगा रे.