सीपॅप: आधी मास्क, मग यंत्र (काही महिन्यांच्या वापरानंतर)

झोपेत घसा मिटून श्वास थांबतो (स्लीप अ‍ॅप्निया), तो थांबू नये म्हणून मास्कवाटे दाबाने हवा देणारं यंत्र म्हणजे सीपॅप. ‘यंत्र कोणतं घेतलंस?’ हे सगळे विचारतात. मास्क कोणता, हे कुणी विचारत नाही. गेले काही महिने रोज रात्री सीपॅप लावून झोपल्यावर माझा क्रम ठरलाय: आधी मास्क, मग ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग), आणि यंत्र शेवटी. शिवाय मास्कचा बराचसा निकाल टायट्रेशनच्या, म्हणजे झोपेच्या लॅबमध्ये योग्य प्रेशर ठरवायच्या, रात्रीच लावून घेता येतो, म्हणून त्या रात्रीबद्दल जरा सविस्तर लिहितो.

माझा एएचआय ३८ आला होता. झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो, तो हा आकडा. ३० आणि त्यापुढे म्हणजे तीव्र. टायट्रेशनमध्ये साधारण ४ सेंटिमीटर पाण्याच्या दाबापासून सुरुवात करतात आणि श्वास थांबणं, उथळ होणं, घोरणं हे सगळं जाईपर्यंत टेक्निशियन बाहेर बसून प्रेशर हळूहळू वाढवत नेतो. उताणं झोपल्यावर आणि त्यातही स्वप्नांच्या, म्हणजे आरईएम झोपेत, घसा बहुधा सगळ्यात जास्त मिटतो. ही अवस्था त्या रात्री आलीच नाही, तर हाती आलेलं प्रेशर कमी पडू शकतं. मी कुशीवर झोपणारा. म्हणून टेक्निशियनला आधीच सांगून ठेवलं होतं, ‘थोडा वेळ तरी उताणं झोपवा, गरज पडली तर उठवून सांगा.’ त्याने खरंच उठवलं. राग आला, पण रिपोर्टमध्ये ‘उताणं, आरईएम’ या रकान्यात आकडा आला.

तयारी म्हणाल तर फार नाही. केस धुऊन जा आणि तेल लावू नका, कारण डोक्याला सेन्सर चिकटवायचे असतात. चेहऱ्याला क्रीम नको, नखांना पॉलिश नको. दुपारी झोपू नका, दुपारनंतर चहा-कॉफी टाळा. दाढी ठेवणार असाल तर ठेवूनच जा, काढणार असाल तर काढून; मास्क त्याच चेहऱ्यावर बसायचाय. नेहमीची औषधं मनाने बंद करू नका, यादी सोबत न्या. उशी आपली न्यावी. वायरींची धास्ती घेऊ नका, बाथरूमला जायचं असेल तर सगळा जुडगा एका जागी सुटतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवे घालवायच्या आधी दोन-तीन प्रकारचे मास्क लावून बघायला मागा. नाकपुड्यांत बसणारे पिलो, नाकावरचा मास्क आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. बसून नव्हे, आडवं होऊन आणि प्रेशर चालू ठेवून बघायचं, कारण आडवं झाल्यावर गाल सरकतात आणि गळती तेव्हाच कळते. मला झोपेत तोंड उघडायची सवय, त्यामुळे फुल फेसच लागेल असं मी धरून चाललो होतो. टेक्निशियनने आधी नाकाचा देऊन बघितला. नाक मोकळं असलं की तोंड बरचसं मिटून राहतं, असं त्याचं म्हणणं. माझ्या बाबतीत ते खरं निघालं. फुल फेसला बहुतेकांना प्रेशर जास्त लागतं आणि गळतीच्या जागाही जास्त, तेव्हा गरज नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

पट्टे करकचून आवळू नका. कुशन हवेने फुगून चेहऱ्यावर टेकतं; आवळलं की ते दबतं, गळती वाढते आणि नाकाच्या दांड्यावर वळ उठतो तो वेगळाच.

ह्युमिडिफायरला पैसे नक्की घाला. नाक कोरडं पडलं की चोंदतं, चोंदलं की तोंड उघडतं, आणि मग यंत्र कितीही महागडं असो, हवा तोंडावाटे निघून जाते. डिस्टिल्ड वॉटर वापरा, उरलेलं सकाळी ओतून टाका. थंडीत नळीत पाणी साचून पहाटे थेंब नाकात येतात. गरम होणारी नळी घेतल्यावर तो त्रास गेला. ती मात्र ज्या त्या यंत्राचीच लागते. मास्कचं तसं नाही, जोड बहुतेक २२ मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे एका कंपनीचं यंत्र आणि दुसऱ्या कंपनीचा मास्क आरामात चालतो.

आता यंत्र. मला १० प्रेशर लिहून दिलं होतं. ऑटो, म्हणजे गरजेप्रमाणे प्रेशर आपोआप बदलणारं, घेतलं, पण ४ ते २० असं मोकळं सोडलेलं नाही. डॉक्टरांनी ८ ते १२ बांधून दिलंय. ४ वर मला गुदमरल्यासारखं व्हायचं. काही जणांना प्रेशर वाढवल्यावर मेंदूकडूनच श्वासाचा इशारा थांबतो, त्याला सेंट्रल अ‍ॅप्निया म्हणतात. तो टायट्रेशनमध्ये दिसतो. हृदयविकार असलेल्यांत त्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांनी ‘ऑटो आहे ना, टेस्ट कशाला’ या सल्ल्याला अजिबात भुलू नये.

यंत्र घेताना सविस्तर डेटा मिळतो का, एवढं नक्की विचारा. अ‍ॅपवरच्या शंभरपैकी गुणांना मी किंमत देत नाही. मी बघतो ते गळती, उरलेला एएचआय (५ च्या आत हवा) आणि वापराचे तास. माझा एएचआय सध्या २ च्या आसपास असतो.

रात्री लघवीला उठणं जवळपास थांबलं, दुपारची पेंग गेली. वजन तसूभरही हललेलं नाही. सुरुवातीला पोटात हवा जाऊन सकाळी ढेकर यायचे; श्वास सोडताना प्रेशर थोडं उतरवणारी सोय चालू केल्यावर कमी झाले. सर्दीत नाक पूर्ण बंद झालं तर नाकाचा मास्क कुचकामी, तेवढ्यासाठी एक फुल फेस कपाटात ठेवलाय.